धाब्यावरची माती

पुष्पाचं ते पत्र दिवाळीत आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पुष्पा ही माझी पुतणी. जळगावला घरांचे नकाशे काढते. धुळ्याच्या गल्लीतलं आमचं जुनं दुमजली घर तिला नीट करायचं होतं. सोबत नकाशा होता: कोरीव सागवानी खांब जागेवरच, वरच्या मातीच्या सपाट धाब्याऐवजी हलकं छत, माडीत उजेडासाठी काच. खाली एकच प्रश्न. "नाना, धाब्यावर माती किती आहे? खणून पाहा. त्यावरच सगळं ठरेल."

मी खणलं नाही. छत गळू नये म्हणून दर आखाजीच्या सणानंतर, पावसाआधी, मी नवी पांढरी माती पसरत आलो होतो, वडिलांसारखीच. जुनी कधी काढली नव्हती. खणलं तर काय निघेल, याचीच भीती होती.

उन्हाळा लागला तशी माडीची तुळई कुरकुरू लागली. वाचताना पुस्तकाच्या पानावर चिमूटभर माती पडे. मी पान झटकून पुढे वाचू लागे. त्याच तुळईखाली थोरल्या बहिणीची, भिकुबाईची, खाट होती.

"अक्का, खाली ओसरीत झोप ना."

"मनी जागा हाईच शे. पुस्तकं वाची वाची घाबरट झाया तू, भाऊ."

एका दुपारी तिच्या उशीवर ढेकूळच पडलं. ती चुलीपाशी होती. मी खुरपं घेऊन धाब्यावर चढलो. पायाखाली माती दबतेय असं वाटलं. माझंच वजन जास्तीचं ठरलं तर?

"अक्का, घराबाहेर जा आधी."

आवाज थेट माझ्या पायांखालून आला. ती माडीत येऊन खाटेवर बसली होती. "तू वर शे, मी खाले शे. पडनं तं सोबतच."

मी पालथा झोपलो आणि हळूहळू उकरू लागलो. पांढरी माती, मग तपकिरी, मग काळी. कोपरापर्यंत हात गेला तरी लाकूड नाही. शेवटी बोटांना लागलं ते ओलसर होतं. दाबलं तर शिळ्या भाकरीसारखं खचलं.

मी रांगत खाली आलो आणि तिला सांगितलं.

"मंग लिही पोरीले."

"लिहितो. तू आधी खाट काढ."

"तुना काय भरोसा? पत्र टाकी ये, मंग काढसू."

मातीच्या बोटांनीच लिहिलं: "चि. पुष्पास आशीर्वाद. माती कोपराच्या वर आहे. तुळई सडली आहे. लगेच ये. काच तुला हवी तिथे बसव."

पत्र पेटीत टाकलं आणि घराकडे निघालो, जमेल तितकं भरभर.