सम आकड्यांची बाजू

आमच्या शाळेशी झालेल्या या करारातून विद्यापीठाला काय मिळणार होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गरीब वस्तीतल्या मुलांना दार उघडल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय विद्यापीठाला पूर्ण फी लावता येत नव्हती. शाळेचा फायदाही उघड होता : तपासनीस आले की दाखवायला भिंतीवर एक चौकट. हिल्डा ऑर्मरॉडला मात्र एकच गोष्ट हवी होती, टिल्ली हॅडविन या विद्यार्थिनीसाठी विद्यापीठाच्या जुलैच्या शिबिरातली एक जागा. त्यापायी तिने तीन वर्षं विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आणि आता, सह्यांची शाई वाळायच्या आत, विद्यापीठाचे डॉक्टर लेथम तिला हॉलच्या कोपऱ्यात नेऊन सांगत होते, की तेवढं सोडून बाकी सगळं जमेल.

"बारातली अकरा नावं पक्की," हातातली बशी सावरत ते म्हणाले. "हॅडविन बसत नाही. तिचं घर सम आकड्याचं आहे."

"म्हणजे?"

"त्या रस्त्याची विषम आकड्यांची बाजू आमच्या यादीत मागास आहे. सम बाजू समुद्राकाठच्या नव्या इमारतींना जोडलेली. तिथली निम्मी मुलं विद्यापीठात जातात."

"तिथं निवृत्त सर्जन राहतात हो! टिल्लीची आई कोळंबी सोलते."

"नियम माझा नाही, मिसेस ऑर्मरॉड. नकाशाचा आहे."

"मग नकाशालाच बोलवा शिबिराला. जेवेल तरी कमी."

लेथम हसले. ते हसायचे छान. विद्यापीठाने त्यांना नेमलं होतं तेच बहुधा त्यासाठी.

हिल्डा आमच्या शाळेत मुलांना पुढच्या शिक्षणाच्या वाटा दाखवायची. बावीस वर्षं तिने हे केलं, आणि बहुतेक मुलं तिने दाखवलेली वाट बघून सरळ मासळीच्या कारखान्यात गेली. टिल्ली वेगळी निघाली. तिला फार्मसी शिकायची होती. विद्यापीठ त्यासाठी तीन विषयांत 'ए' मागे. शिबिर पुरं केलेल्यांचं तीन 'बी'वर भागे. टिल्ली हुशार होती, पण शनिवार-रविवार औषधांच्या दुकानात उभी राहून तिसरा 'ए' काढणं अवघड, हे हिल्डा जाणून होती.

आता टिल्लीची आजी राहायची समोरच, एकोणीस नंबरात. आई पहाटे चारला कामावर निघे, म्हणून पोर आठवड्यातले चार दिवस आजीकडेच झोपे. हिल्डाने हिशेब केला : सातातले चार म्हणजे बहुमत. तिने यादीत पत्ता बदलला आणि नाव पुन्हा पाठवलं. ते बसलं.

पंधरा दिवसांनी पालकांनी संमतीपत्रं भरली. टिल्लीच्या आईने, लोरेन हॅडविनने, आपलं कारखान्यातल्या सुट्टीत, हात धुऊन, ठळक अक्षरांत भरलं होतं. पत्ता : चोवीस नंबर. पुढे स्वतःहून एक ओळ जोडली होती : 'या घरात आम्ही सतरा वर्षं राहतो आणि भाडं कधी थकवलेलं नाही.' मुलीला नको म्हणायला कुणाला कारण सापडू नये, म्हणून.

तो कागद हिल्डाच्या हाती आलाच नाही. नव्या करारानुसार संमतीपत्रं थेट विद्यापीठाकडे जात. ही सोयही हिल्डानेच सुचवलेली. टपालाचे चार दिवस वाचतात म्हणून. तिथे यादीतला आणि फॉर्मवरचा पत्ता जुळला नाही, आणि टिल्लीचं नाव कटलं.

मुख्याध्यापिका मिसेस ट्रँटरनी तिला बोलावलं, तेव्हा दार लावून घेतलं.

"हिल्डा, भागीदारी जपायला हवी."

"कुणी?"

"आपण. त्यांना आपल्यासारख्या वीस शाळा मिळतील. आपल्याला चाळीस मैलांत दुसरं विद्यापीठ दाखव."

"मग ती भागीदारी कसली? आपण पाहुणे आहोत, तेही चप्पल बाहेर काढून आलेले."

"तुझी जीभ मला आवडते गं," मिसेस ट्रँटर म्हणाल्या, "पण ती मला त्यांना पाठवता येत नाही. माफीचं पत्र पाठवता येईल. आणि तू उन्हाळ्यात निवृत्त होते आहेस, असंही त्यात घालता येईल."

हिल्डाने पत्र लिहिलं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून तिला एक चांगली किटली दिली आणि भाषणात ती किती सडेतोड आहे हे सांगितलं. ती नोकरीवर असताना असं काही आमच्यातल्या एकानेही मिसेस ट्रँटरना सांगितलं नव्हतं.

बाराव्या जागेसाठी विषम बाजूचा कुणीतरी हवा होता. त्या बाजूचं जुनं चर्च विकत घेऊन दातांच्या डॉक्टर पेनिंग्टननी त्याचं घर केलं होतं, आत तीन न्हाणीघरं. त्यांचा ऑस्कर शिबिराला गेला.

पुढल्या वर्षी ऑगस्टात निकाल लागले. ऑस्करला तीन 'बी'. त्याला प्रवेश मिळाला. टिल्लीला दोन 'ए' आणि एक 'बी'. तिला नाही. विद्यापीठाच्या अहवालात आमच्या शाळेपुढे लिहून आलं : बारापैकी बारा.

त्या सकाळी हिल्डा फाटकाबाहेर उभी होती. आत यायचं आता तिला कारण नव्हतं. टिल्ली पाकीट घेऊन आली, मागोमाग कामाचे पांढरे बूट घातलेली लोरेन. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून लोरेनने आधी हवापाण्याचं काहीबाही विचारलं. मग म्हणाली, "मिसेस ऑर्मरॉड, एक विचारू? त्या शिबिरातून हिचं नाव कटलं ते... मी फॉर्ममध्ये काही चुकीचं लिहिलं होतं का हो? माझं अक्षर तसं बरं नाही."

टिल्लीने मान वर केली. तिला सगळं माहीत होतं. वर्षभर ती हे घरात बोलली नव्हती.

"छे गं," हिल्डा म्हणाली. "फॉर्म अगदी बरोबर होता. चूक माझी झाली. मीच नाव उशिरा धाडलं."

"हो, आई," टिल्ली म्हणाली. "मिसकडून उशीर झाला."

"असं होय," लोरेन म्हणाली, आणि जरा रागावूनच हिल्डाकडे पाहून, मुलीला घेऊन बसच्या थांब्याकडे चालू लागली.

एकीची नोकरी गेली, एकीचं शिक्षण. जे भरायचं ते त्या दोघींनी भरलं. तिसरीला, लोरेनला, त्यात धरलंच नाही.