बुजवलेले झरोके

ठिपका मोहरीएवढा होता, भिंतीलगतच्या जमिनीच्या फळीवर, काळा, कडेला बारीक पांढरी लव — आणि सन्मतीला आज जे जे मिळायचं होतं ते सगळं त्या ठिपक्यावर उभं होतं. दिगंबर मुनी महाराजांचा आहार या घरी, याच खोलीत, सुरळीत झाला की संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, माइकवरून नाव, नाव झालं की कमिटीत खुर्ची, खुर्ची मिळाली की शेजारच्या युवराजनं आपणहून ‘या अण्णा’ म्हणणं... पुण्यही होतंच, पण ते यादीत शेवटी येत होतं, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

त्यानं कोरड्या फडक्यानं ठिपका पुसला. पुसला म्हणजे — बुरशीतही जीव असतात, हे तो रविवारी पाठशाळेत पोरांना शिकवायचा. फडकं त्यानं खिशात कोंबलं. फळ्यांच्या फटींतून वास येतच होता, बंद पेटीतल्या ओल्या गोणपाटासारखा.

आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ही खोली तंबाखूसाठी बांधली तेव्हा काळ्या मातीवर जोतं उचलून वर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांखालच्या हातभर पोकळीला समोरासमोर झरोके ठेवले होते. पावसाळाभर खालून वारं फिरायचं, पानाला ओल शिवायची नाही. तंबाखू गेली, झरोके राहिले, आणि झरोक्यांतून वाणीकिडे, झुरळं, कधी एखादी गोम... युवराजच्या घरी गेल्या चातुर्मासात आहाराच्या वेळी ताटात मुंगी निघाली, महाराजांनी ओंजळ सोडली, आहार तिथंच थांबला, दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. ‘अंतराय झालेलं घर’ — वर्ष उलटलं तरी बोरगावात त्या घराची ओळख तीच. म्हणून यंदा वैशाखातच सन्मतीनं झरोके सिमेंटनं बुजवून टाकले. किडा आत येणार नाही, मारावा लागणार नाही. किती शहाणी अहिंसा!

“बुजवू नको रं, सनू,” लक्ष्मीआक्का म्हणाली होती. “वारं कोंडलास तर ओल जाणार कुठं? माझ्या अंथरुणात?” आणि स्वतःच हसली होती. थोरली बहीण, नवरा गेल्यावर सदलग्याहून इथं आली, तेव्हापासून या खोलीत तीच झोपायची.

पाऊस लागला, मातीतली ओल वर आली आणि फळ्यांखालीच अडकून बसली. वास सुटल्यावर राजश्री, त्याची बायको, म्हणाली, “आक्का ओलेत्यानं आत-भायेर करत्यात. जमीन वाळायची कधी?” सन्मती चहा पीत होता. एक शब्द पुरला असता. त्यानं चहावर फुंकर घातली... मी कुठं आक्काचं नाव घेतलं? मी काहीच बोललो नाही. — आक्का स्वयंपाकघरात होती. भिंत काही जाड नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचं अंथरूण सोप्यावर दिसलं, लुगडं गोठ्यातल्या दोरीवर. सोप्यावर पावसाची झड येते. गुडघा धरून उठते हल्ली.

आणि आज... सदलग्याला असताना महाराजांच्या ओंजळीत घास देताना जिचा हात कधी कापला नाही, ती सकाळी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “तुम्ही द्या. माझ्या पायाची ओल नको आज आत.”

महाराज आले. कलश धरून उभ्या असलेल्या सन्मतीसमोर थांबले. त्या खोलीतच आहार सुरू झाला, आणि ओंजळीत पाणी सोडताना सन्मतीची नजर पुन्हा पुन्हा फळीच्या कडेला जात होती — आधी, काही निघू नये म्हणून. आणि मग, कधी कोण जाणे, काहीतरी निघावं म्हणून. एखादा किडा. एखादा केस. कुणीतरी थांबवावं. पण छे, महाराजांना उपाशी ठेवून आपण मोकळं व्हायचं? हाही आपलाच फायदा!

काही निघालं नाही. महाराज शांतपणे जेवून गेले, लोक पाया पडून गेले. जाताना युवराज म्हणालाच, “भाग्यवान हाईस बघ, अण्णा.”

सन्मती मागच्या अंगणात आला. आक्का जोत्याला टेकून बसली होती, बुजवलेल्या झरोक्याशेजारीच.

“झालं न्हवं नीट?”

“झालं.”

“म्हटलं न्हवतं? मी भायेर ऱ्हायलो म्हणून झालं.”

त्यानं तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमण्याला आक्का कधी चुकायची नाही. एक मिळाला असता तर बरं वाटलं असतं. पण तिनं नुसते आकाशाकडे हात जोडले. तिला खरंच तसं वाटत होतं... आपल्याच पायांची ओल, असं.

त्यानं झरोक्याच्या सिमेंटवर हात ठेवला. गार, ओलसर. नखानं जरा खरवडलं. पांढुरकी भुकटी नखात राहिली. संध्याकाळी माइकवर नाव येईल तेव्हा कुठं बघायचं? हिशोब चोख होता: जमा सगळं त्याच्या नावावर. भरलं ते आक्कानं — आणि पावतीसुद्धा ती त्याच्याच नावानं फाडत होती.