झाकलेला समुद्र

आमची सून एलझादा लग्नात रजया घेऊन आली, गालिचे घेऊन आली आणि एक समुद्र घेऊन आली. रजया आणि गालिचे आमच्या डोंगराळ नारिनमधल्या प्रत्येक सुनेबरोबर येतात, त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. समुद्र मात्र अजून व्हायचा होता. मोठी काचेची टाकी, बादलीभर समुद्री मीठ आणि पोतंभर खडबडीत दगड. लग्नाआधी ती बिश्केकला शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होती.

"माहेरून दगड आणले?" माझी बायको सायराकान म्हणाली. "आमचे डोंगर कमी पडले असते का?"

एलझादाने टाकी बैठकीच्या खोलीत दाराच्या समोर, मानाच्या जागेशेजारी मांडली. पाण्यात मीठ कालवलं, तळाशी वाळू पसरली, दगड रचले, दिवा लावला, चार गोगलगायी सोडल्या. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. मासे कुठे आहेत, असं सगळ्यांनी विचारलं. पाणी आधी मुरलं पाहिजे, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

पाणी मुरायला लागलं. वाळूवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर आला. मग दगडांना हिरवे केस फुटले आणि पंपाच्या झोतात ते हलायला लागले. काचेवर शेवाळ इतकं चढलं की गोगलगायी कुठे आहेत ते त्यांच्या मागच्या स्वच्छ रेघेवरून ओळखावं लागे.

"अता, समुद्र घाण का झाला?" माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी बेर्मेत हिने विचारलं. घरात सगळे मला अता म्हणतात आणि सायराकानला अपा. बेर्मेत यंदाच पहिलीत गेली होती. मी जन्मभर पहिलीचेच वर्ग घेतले, त्यामुळे हा प्रश्न माझाच होता.

"तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात काय चाललं होतं?"

"रडारड. आणि एमीलने माझी पोळी खाल्ली."

"का खाल्ली?"

"उघडी होती म्हणून."

"तसंच आहे. नव्या पाण्यात खाणं उघडं पडलेलं असतं आणि वाटेकरी थोडे. शेवाळाला आमंत्रण लागत नाही, ते आधी येऊन बसतं. वाळूत आणि दगडांत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव हळूहळू वाढतात. ते आपला वाटा उचलायला लागले की शेवाळ उपाशी पडतं."

"तोपर्यंत आपण काय करायचं?"

"थोडं पाणी बदलायचं, हाताने शेवाळ उपटायचं, दिवा कमी लावायचा. आणि बसायचं."

"बसण्यात गुरुजी पहिल्यापासून हुशार," सायराकान आतून म्हणाली.

तिची अडचण मला कळत होती. एलझादाचे आईवडील लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. त्यांनी दिलेली वस्तू मानाच्या जागेशेजारी गटारासारखी दिसत होती. "समुद्र दिला, यांनी त्याचा नाला केला, असं म्हणतील," ती म्हणाली. "शुक्रवारी टाकी रिकामी करायची. कढत पाणी आणि सोडा घालून सगळं घासते, दगडसुद्धा. मग वरच्या झऱ्याचं पाणी भरू, काचेसारखं. पाहुणे गेले की कोबी खारवायला टाकी बरी आहे."

आमच्याकडे सून सासूला उलट बोलत नाही, चहा ओतते. आणि पेला अर्धाच भरते. काठोकाठ भरला तर 'आता उठा' असा त्याचा अर्थ होतो. त्या संध्याकाळी एलझादाने सासूचा पेला काठोकाठ भरला. सायराकानने पेल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि एक थेंब न सांडता चहा प्यायली.

स्वयंपाकघरात एलझादा मला म्हणाली, "अता, कढत पाण्याने वाळूतला जीव न् जीव मरेल. परत पहिल्यापासून सुरुवात. आणि अपा दुसऱ्यांदा टाकी मांडू देणार नाहीत."

मी सायराकानला बारीक जीव समजावून सांगितले. जे दिसत नाही ते घरात ठेवायला ती तयार नव्हती.

गुरुवारी ती पाहुण्यांसाठी पीठ मळत होती. बेर्मेत तिथेच लुडबुडत होती. तिने काकीला विचारलं, "समुद्र मोठा कधी होणार?"

"चाळीस दिवस तरी लागतात," एलझादा म्हणाली. "कधी जास्तही."

सायराकानचे हात पिठात थांबले.

"चाळीस?"

"हो, अपा. अजून अर्धे पण झाले नाहीत."

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं का? सगळा मोहल्ला येऊन बघून गेला त्याला. त्या शेजारच्या कुलीपाने तर काचेला नाक लावलं होतं."

आमच्याकडे चाळीस दिवस पुरे होईपर्यंत बाळ परक्यांना दाखवत नाहीत. सायराकानने हात धुतले, ट्रंकेतून पाळण्यावरचं जाड पांघरूण काढलं आणि टाकीवर टाकलं. खिडकीतून सरळ पाण्यात पडणारं ऊन बंद झालं. मग तोंडावर उजेड नको म्हणून तिने दिवाही बंद केला.

"अपा, वरची बाजू थोडी उघडी हवी. हवा लागते," एलझादा भीतभीत म्हणाली.

"मला शिकवतेस? पाच पोरं वाढवलीत मी."

सोड्याचं नाव पुन्हा निघालं नाही. नवजात बाळाला कुणी सोड्याने घासत नाही. एलझादा मला हळूच म्हणाली की दुकानाच्या मालकानेही शेवाळावर हेच सांगितलं असतं, पांघरुणाचा रंग सोडून.

व्याही आले. मांस झालं, चहा झाला, आणि विहीणबाईंनी विचारलं, "आमचा समुद्र कुठे दिसत नाही?"

एलझादाने मान खाली घातली. सायराकानने पांघरुणाकडे बोट केलं. "चाळीस व्हायचेत अजून."

विहीणबाईंनी लेकीच्या पोटाकडे पाहिलं.

"तिचे नाही. त्याचे."

ती टाकी व्याह्यांनी मांडीवर धरून घाटातून आणली होती. त्यांनी पांघरुणाच्या टोकाकडे हात नेला.

"हात काढा," विहीणबाई म्हणाल्या. "एवढ्या मुलांचे बाप झालात, अजून कळत नाही?" मग त्या सायराकानकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "रात्री नीट असतो ना?"

"शांत आहे. खातो बरा."

त्यानंतर सगळेच हळू बोलायला लागले.

चाळीस भरले त्या दिवशी सायराकान लाकडी चमचा आणि गोड्या पाण्याचं पातेलं घेऊन आली. बाळाला त्या दिवशी चाळीस चमचे पाणी घालतात. एलझादा म्हणाली, चालेल, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तेव्हा भर गोड्या पाण्याचीच घालायची असते. बेर्मेतने मोजले. मग पांघरूण काढलं.

वाळू पांढरी दिसत होती. केस बरेचसे गळाले होते. दगडांवर जांभळट ठिपके धरले होते, ती पाणी मुरल्याची खूण, आणि एलझादा त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"कोपऱ्यात हिरवं आहे अजून," सायराकान म्हणाली.

"राहील थोडं, अपा."

"राहू दे. बाळाच्या टाळूवरपण खपली राहतेच." तिने बेर्मेतला मोहल्ल्यात निरोप द्यायला पाठवलं: आता बघायला या, पण रिकाम्या हाताने येऊ नका.

सगळ्यांत आधी कुलीपा लोण्याचा वाडगा घेऊन आली. काचेपासून हातभर लांब उभी राहून तिने दगड, वाळू आणि चार गोगलगायी खूप वेळ न्याहाळल्या.

"कुणावर गेलाय?" तिने विचारलं.

"आईवर," सायराकान म्हणाली, आणि एलझादाला चहा ठेवायला सांगण्याऐवजी स्वतःच उठली.