खापर फुटलं ते माझ्यावर

मी सोनपेठजवळच्या गोदाकाठच्या पूरचौकीतला वायरलेस बोलतोय. हो, तोच, 'दगाबाज' म्हणून फळीवर टाकलेला. आज माझीही बाजू ऐका.

सत्याऐंशी साली मी इथे आलो. नदी चढली की किशनराव माझ्यावरून खालच्या चौकीतल्या भगवानरावांना कळवायचे आणि ते काठावरच्या वस्तीला उठवायचे. शिकवायला आलेल्या साहेबांनी बजावलं होतं, "तोंडापासून वीतभर लांब धरा, मोजकं बोला, बटण दाबल्यावर एरियलला हात लावू नका." किशनराव मात्र मला गालाला चिकटवून कापसाच्या भावापासून जावयाच्या रुसव्यापर्यंत बोलत बसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू! खंडेनवमीला ते मला पहिलं कुंकू लावायचे.

एकदा आठवडी बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं, "एरियलीतून लहरी निघत्यात, मेंदू भाजतोय." लहरी निघतात हे खरं. पण संच थोडा लांब धरला की त्या झपाट्यानं कमी होतात. वीतभर अंतर त्यासाठीच तर सांगितलं होतं. किशनरावांनी अंतर ठेवलं नाही, दोष एरियलला दिला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

त्या भाद्रपदात दुपारीच पाणी चढलं. किशनरावांनी लहरी नकोत म्हणून माझं एरियलच फिरवून काढलं, मला गालाला लावलं आणि बटण दाबून ओरडत राहिले. लहरींना बाहेर जायला वाट उरली नाही. सगळा ताप माझ्यातच राहिला आणि मी आतून जळालो. खाली एक शब्द पोचला नाही. वस्तीवरच्या चांगुणाबाईची चारही शेरडं वाहून गेली.

चौथ्या दिवशी ती चौकीत आली. किशनरावांनी घाईघाईनं एरियल परत बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मशिनीनंच दगा दिला, बाई. मी तर लय वरडलो."

साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. त्या वर्षी खंडेनवमीचं कुंकू नव्या संचाला लागलं. तो संच ते वीतभर लांब धरतात, एरियलला हात लावत नाहीत. माझ्या जळण्यातून शहाणे झाले, पण कुणाला कधी सांगितलं नाही. फार लागलं मला ते.

आज पुन्हा पाणी चढतंय. निरोप वेळेवर गेला. आत्ताच नव्या संचावर भगवानरावांचा वस्तीवरून आवाज आला, "समदे निघाले. चांगुणाबाई उठायला तयार न्हाई. म्हणती, त्या डब्याच्या भरवशावर माजी शेरडं गेली, आता म्या न्हाई हालत."

किशनरावांचा अंगठा बटणावर आहे. पण तो दाबायचा सोडून ते फळीवर माझ्याकडे बघतायत.

किशनराव, माझ्यावरचा डाग धुवा असं मी म्हणत नाही. मी फळीवरच बरा. पण बटण दाबा आणि तिला सांगा, "बाई, त्या दिवशी चूक माजी व्हती, मशिनीची न्हाई." तुमचं खरं ऐकल्याशिवाय ती उठायची नाही.