वेळेवर लाल झालेलं झाड

झाड चोरून लावलं, असं तुम्ही म्हणता? चोर तुम्ही आहात, नगर काउन्सिलवाले साहेब. हार्कर्स फ्लॅट गावाचा अख्खा एप्रिल तुम्ही चोरलात आणि वर दरडावता आम्हालाच. तुमचं नाव इथे घेत नाही. घेतलं, तर पुढच्या उत्सवाच्या फलकावर तेवढंच मोठ्या अक्षरात छापून घ्याल.

बॅरो स्ट्रीटवर पूर्वी ज्याच्या त्याच्या दारापुढे ज्याच्या त्याच्या आवडीचं झाड होतं. कुठे मेपल, कुठे अ‍ॅश. डोरिना झानेट्टीच्या दारात तिच्या सासऱ्याने लावलेलं पर्सिमन होतं. त्याची पानं शेंदरी होऊन गळायची आणि मागे नुसती फळं लटकत राहायची. आमच्याकडे पानगळ येते ती एप्रिलमध्ये. महिना सरता सरता रस्ता रंगांनी असा पेटायचा, की मेलबर्नहून बसगाड्या भरभरून माणसं यायची. यायची, फोटो काढायची, खिम्याचे मीटपाय खायची, जायची. या सगळ्यात तुमचा हात कुठेच नव्हता, हेच तुम्हाला सहन झालं नाही. मग तुम्ही समिती नेमलीत.

समितीला रस्त्यात एकसारखेपणा हवा होता. जुनी झाडं तिला बेशिस्त वाटली. ती पाडली आणि त्यांच्या जागी भर थंडीत, जुलैत, ट्रकभर शोभेचे, फळं न धरणारे पेअर आणून खोचले. निवड चित्र बघून केली. चित्रात पेअर लालभडक होता. चित्र खोटं नव्हतं हो, फक्त ते जूनमधलं होतं. आणि तुमचा रंगोत्सव असतो एप्रिलमध्ये, अँझॅक डेच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, सुट्टीला धरून. पुढच्या एप्रिलला बँड वाजला, महापौरबाईंनी फीत कापली आणि पाहुणे हिरव्यागार रस्त्यावर रंग शोधत फिरले. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही झाडांवर नारिंगी दिवे सोडलेत. भर दुपारी.

ग्वेंडा पॅस्कोच्या दारातला पेअर पहिल्याच उन्हाळ्यात मेला. लावणारे पाणी घालायला परत आलेच नाहीत. तिने तो उपटून टाकला. त्याच एप्रिलमध्ये ती व्हर्नला, म्हणजे नवऱ्याला, इस्पितळातून घरी आणत होती. लाकडाच्या गिरणीत सबंध आयुष्य भुसा गिळून त्याची छाती निकामी झाली होती, नाकाला प्राणवायूची नळी लागली होती. वाटेत नर्सरी लागली तेव्हा तो म्हणाला, "थांबव जरा."

त्याला गाडीतून उतरवेना. तिने काच खाली केली आणि चिनी पिस्त्याची रोपं एकेक करून त्याच्यासमोर आणून धरली. या झाडाला पिस्ते येत नाहीत, पण पानं रंगतात. आणि तीही भावंडांसारखी, एकाचं लाल, दुसऱ्याचं पिवळं, तिसऱ्याचं नुसतंच वाळकं. म्हणून आमच्याकडे शहाणा माणूस हे रोप एप्रिलमध्येच, रंगात आलेलं बघून उचलतो. चित्रावरून समित्या उचलतात.

"हे?"

"हे उकडलेल्या गाजरासारखं दिसतंय."

"मग हे घे."

"ते नको गं. त्याच्या मागचं. ते, चिडल्यासारखं लाल झालेलं."

ते चिडलेलं रोप ग्वेंडाने फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीवर, व्हर्नच्या खिडकीच्या बरोबर समोर लावलं. झाड वाढत गेलं आणि व्हर्नचं जग आटत गेलं. आता तो बिछान्यावरून खुर्चीत आणि खुर्चीतून खिडकीबाहेर, एवढाच फिरतो.

गेल्या रंगोत्सवात सगळ्या बस ग्वेंडाच्या दारात उभ्या राहिल्या. दुसरीकडे बघण्यासारखं होतंच काय? आणि यंदा मार्चमध्ये काउन्सिलचा लीटन दारात हजर झाला. चांगला पोरगा, पण बूट तुमचे, पगार तुमचा आणि तोंडातले शब्दही तुमचेच.

"ग्वेंडा, झाड छानच आहे हो. पण ते मंजूर झालेलं नाही."

"मंजूर झालेलं मेलं, बाबा."

"शिवाय तक्रार आहे. याच्यामुळे बाकीची झाडं..."

"हं, बोल की. काय होतं बाकीच्यांना?"

लीटनने खाली बघितलं. "हिरवी दिसतात."

आतून व्हर्न एवढ्याने हसला, की हसण्याचं खोकणं झालं. "अरे लेका, हिरवीच आहेत ती!"

"हो, पण याच्या शेजारी जास्त हिरवी दिसतात," लीटन कळवळून म्हणाला. "पट्टी काउन्सिलच्या मालकीची आहे, ग्वेंडा. उत्सवाच्या आधी करवतवाले येतील. माझ्या हातात काही नाही."

तो गेल्यावर व्हर्न म्हणाला, "एवढा एप्रिल राहू दे म्हणावं त्यांना. पुढचं माझं काही सांगता येत नाही. जा, विनव त्यांना."

"विनवणार नाही," ग्वेंडा म्हणाली आणि डोळे पुसायच्या आत बाहेर पडली.

दर शनिवारी सकाळी बॅरो स्ट्रीटवर जे होतं, तेच करायला ती गवत कापायचं मशीन घेऊन पट्टीवर आली. पट्टी काउन्सिलची, पण गवत कापायचं ज्याने त्याने आपापल्या दारापुढचं. बापजाद्यांपासून असंच चालत आलं होतं, का ते कधी कुणी विचारलं नाही. आमच्याकडे नवऱ्याने बायको सोडली तर लोक कुजबुजतात. पट्टी न कापता सुट्टीवर गेला तर बोलणं टाकतात. मशीनची दोरी ओढायला ती वाकली, आणि तशीच थांबली. मशीन ढकलत परत शेडमध्ये घेऊन गेली.

"मशीन बिघडलं का गं?" समोरून डोरिनाने हाक मारली.

"मशीन ठणठणीत आहे. पट्टी त्यांची, तर गवतही त्यांचंच. येऊ दे आणि कापू दे."

डोरिना आपल्या हिरव्या पेअरकडे बघत उभी राहिली. पर्सिमन पाडलं त्या दिवशी सासरा जेवला नव्हता. तिनेही मशीन बंद केलं. दोन शनिवारांत सगळ्या रस्त्यावरची मशीनं गप्प झाली.

उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. गवत पिसाळल्यासारखं वाढलं. गुडघ्याला लागलं, मग त्यात फुटपाथ दिसेना. तुमचे पेअर कमरेपर्यंत बुडाले आणि त्या सगळ्या हिरव्यात व्हर्नचं झाड वरून खाली लाल होत आलं.

लीटन धावत आला. "ग्वेंडा, अहो, उत्सव तोंडावर आलाय! गवत कापा ना!"

"कुणाचं गवत?"

"तुमच्या दारापुढचं."

"आणि झाड कुणाच्या दारापुढचं आहे?"

लीटन गवतातून वाट काढत आल्या पावली परत गेला.

करवतवाले यायच्या आदल्या संध्याकाळी काउन्सिलची खुली सभा होती. ग्वेंडा निघाली तेव्हा व्हर्न म्हणाला, "हे बघ, नाहीच ऐकलं तर निदान दुपारी या म्हणावं. सकाळचं ऊन पानांवर असतं तेव्हा नको." तिने त्याची शाल नीट केली आणि निघाली.

सभागृहात बॅरो स्ट्रीटवरचा एकूण एक माणूस आला होता. पुढे लांब टेबलामागे तुम्ही बसला होतात, आठवतंय ना? महापौरबाईंनी गोड आवाजात समजावलं, की पट्टीची मालकी काउन्सिलची आणि देखभाल ही नागरिकांची सुंदर परंपरा आहे.

ग्वेंडा उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तो आपोआप चढला.

"उद्या तुमचा माणूस करवत घेऊन येतोय. तो कुणाच्या जागेत येतोय, एवढंच सांगा. तुमच्या जागेत येत असेल, तर त्याने गवत कापायचं मशीनही आणावं आणि जन्मभर दर शनिवारी यावं, सगळ्या रस्त्यासाठी. आमच्या जागेत येत असेल, तर आधी दार वाजवावं आणि खिडकीत बसलेल्या माझ्या नवऱ्याला तोंडावर विचारावं, की हे पाडू का. दोन्हींपैकी कुठलं?"

"आपला प्रश्न आम्ही नोंदवून घेतला आहे," महापौरबाई म्हणाल्या.

"नोंदवू नका. उत्तर द्या. मी उभी आहे. पट्टी कुणाची?"