सेट, अर्थ सतरावा

अर्धी वाक्यं छापणाऱ्यांनो, हे पाप तुमचं आहे. शब्दकोशात एका अर्थाला एकच ओळ, कार्डाबाहेर अक्षर जाता कामा नये, हा फतवा तुमच्याच कचेरीतून निघाला.

कोशासाठी शब्दांची कार्डं भरणाऱ्या बाईंनी तो एकवीस वर्षं इमानेइतबारे पाळला. त्यांच्या वाट्याला एक इंग्रजी शब्द आला होता : सेट. मराठीत तो कुठे कुठे घुसलाय ते हुडकायचं, जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य टिपायचं, बोलणाऱ्याचं नातं आणि तारीख घालायची. गवंड्याचं सिमेंट सेट होतं, घड्याळजी काटे सेट करतो, न्हावी केस. हारासोबत कानातलं आलं की सोनाराचा सेट. मधल्या जावेने तर भाचीचं स्थळ सेट केलं. सोळा अर्थ झाले होते.

"आता घरात आम्ही तोंड उघडायचं की नाही?" धाकटी लेक चिडवायची. "मीठ दे म्हटलं तरी पेन्सिल काढशील!"

नोकरीसाठी ती दुसऱ्या गावी गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, मी इथं मस्त सेट झालेय गं, फक्त जिना चढताना छातीत कसंतरीच होतं."

बाईंच्या हातात पेन्सिल आलीच होती. स्थिरस्थावर होणे, अर्थ सतरावा! 'गं'पाशी कार्ड संपलं. तिथे त्यांनी टिंब दिलं आणि त्याच आनंदात विचारलं, "जेवलीस का?"

नऊ दिवसांनी तिकडच्या घरमालकिणीचा फोन आला. पोर जिन्यातच गेली होती.

तेव्हापासून गवंडी काय, न्हावी काय, कुणीही तो शब्द काढला की बाईंच्या मानेमागून राहिलेलं वाक्य येतं. धापा टाकत, एकेक पायरी चढत. भर दुपारी, भर रस्त्यात. त्या गर्रकन वळतात. मागे कुणी नसतं. लोक म्हणतात, बाईंना भास होतात. भास कसला डोंबलाचा? ऐकलं होतं त्यांनी. स्वतःच्या कानांनी, अख्खं.

कोश छापायला निघाला तेव्हा त्यांनी कार्डाला कागदाची पट्टी चिकटवून वाक्य पुरं केलं. कोशाच्या मुख्य साहेबांनी ती पट्टी नखाने सोलून काढली.

"बाई, या शब्दाचा आणि छातीचा संबंध काय? अर्थ तर 'गं'पाशीच संपला."

"बोलणारीने एका दमात सांगितलं, साहेब."

"असं म्हणून उद्या जो तो शेपूट लावेल. आणि तेव्हा तुम्हीच कापलंत ना?"

"मीच कापलं," बाई म्हणाल्या. "या हातांनी. त्याचं मी भोगतेय. पण मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही कळून सवरून कापताय."

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई दारात आला. बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि चुरगळलेली पट्टी टेबलावर तळव्याने सपाट केली.

"माझ्या लेकीचं बोलणं कुठे संपलं ते तुम्ही ठरवणार? हा अधिकार तुम्हाला कुणी दिला? शिपायाकडे नका बघू, साहेब. माझ्याकडे बघा आणि उत्तर द्या."