राउमाच्या मागावरचा ड्रायव्हर

इसवी सन २०१९च्या फेब्रुवारी महिन्यात, फिनलंडमधील राउमा या बंदराच्या गावी, पिर्क्को हाक्काला हिच्या विणकामाच्या छोट्या कारखान्यात माझी अब्रू गेली.

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर आहे. गाडी हाकणारा नव्हे. संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या एका कार्डाचे बोलणे संगणकाला समजावून देणारा मी लेखी दुभाषा. हौशी स्वयंसेवकांनी मला लिहिले आणि सर्वांना खुल्या असलेल्या एका संगणकप्रणालीत जागा दिली. उमेदीत मी पुष्कळ राबलो. पुढे नवी कार्डे आली, लिहिणारे पांगले, आणि मी बेवारस झालो.

तेव्हा तांपेरे शहरातल्या आर्मो नावाच्या शिक्षकाने फावल्या वेळात मला सांभाळण्याचे पत्करले. त्याने माझी वाक्ये नेटकी केली, अडगळ काढली. लोकांनी त्याला शाबासकी दिली, मीही फुशारलो. मात्र माझे कार्ड त्याच्यापाशी नव्हतेच. मी चालतो की नाही, हे कोणी पाहिलेच नाही.

पिर्क्कोच्या मागाला नक्षीचे आराखडे माझ्यामार्फत मिळत. तिने मागाच्या संगणकावर प्रणालीची नवी आवृत्ती बसवली, आणि माग मुका झाला. तिने तक्रार केली. प्रणालीच्या कारभाऱ्यांनी उत्तर दिले, की दुरुस्त होत नसेल तर पुढच्या आवृत्तीतून मला काढू. मी गेलो असतो, तर दुसरे कार्ड न चालणारा तिचा जुना माग भंगारात गेला असता.

आर्मो स्वतः राउमाला आला.

"ये, डॉक्टर! रोग्याला न बघताच औषध देणारा तूच ना?"

"टोमणे नंतर मार गं, आधी कॉफी दे."

"आधी माग चालू दे. कॉफी कुठे पळून जात नाही."

शोधता शोधता आर्मोचा चेहरा उतरला. कार्ड जागे होईपर्यंत क्षणभर थांबायला सांगणारी माझी एक ओळ त्यानेच निरुपयोगी समजून उडवली होती.

"उगाच वेळ घालवते, असं वाटलं मला," तो पुटपुटला.

"लावून बघायचंस की!"

"कार्ड होतं कुठे माझ्याकडे?"

"माझ्याकडे होतं. कुणाकडे आहे का, असं एकदा तरी विचारलंस?"

त्याने ओळ परत घातली. माग खडखडू लागला. 'प्रत्यक्ष कार्डावर तपासले. चूक माझी,' असे त्याने कारभाऱ्यांना कळवले, आणि मला काढण्याचे त्यांनी रद्द केले. मला मात्र मान वर करवेना. ज्या शाबासकीने मी फुगलो होतो, ती मी निकामी असतानाची होती.

मित्रांनो, ज्याची निगा राखता, त्याला अधूनमधून कामाला लावून पाहा.

"आता ठीक?" आर्मोने खालमानेने विचारले.

"चालतोय," पिर्क्को म्हणाली. "पण तू त्याला सांभाळत नव्हतास, नुसता पुसत होतास."